कपांमागचा राउटर

धाकटीची शेवटची उचल साडेचारला होती आणि टीव्हीवर ती नुसता निळा ठिपका दिसत होती. निळा म्हणजे तिचा पोशाख असावा, असा घरातल्यांचा अंदाज. देशाच्या संघातून पोरगी पहिल्यांदाच वजन उचलायला गेलेली, बघायला शेजारपाजार जमलेला, आणि चित्र असं की तिच्या जागी फ्रिज उभा केला असता तरी कुणाला कळलं नसतं.

जावईबापू कंबर कसून कामाला लागले होते. टीव्हीला लावलेली इंटरनेटची डबी त्यांनी काढून पुन्हा लावली, त्याच दमात ॲप उडवून नव्याने घेतलं, केबल बदलली आणि सेटिंगमध्ये शिरून टीव्हीची भाषाही बदलून बसले. शेवटी नवी डबीच आणावी लागेल, असा निकाल देऊन मोकळे झाले.

टेलिफोनच्या तक्रार विभागात आईची एकतीस वर्षं गेली होती. घरात मात्र ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. तिच्या हातात रिमोट यायचा तो आवाज कमी करण्यापुरता. पण आज तिचा जीव टांगणीला लागला होता. मागाहून रेकॉर्डिंग बघण्यात तिला काडीचा रस नव्हता. लेक उचलेल तेव्हाच तिला बघायचं होतं.

“जावईबापू, आता कशाला हात लावू नका,” ती म्हणाली. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर बिघडलं कशानं आणि सुधारलं कशानं, काहीच कळत नाही.”

मग तिने विचारलं, काल चित्र चांगलं होतं, तर कालपासून घरात काय बदललं? सगळे म्हणाले, काहीच नाही. तक्रार करणारेही तिला नेहमी हेच सांगत.

तिने आपल्या मोबाइलवर घरच्याच वायफायवरून तीच स्पर्धा लावली. टीव्हीजवळ चित्र धूसर. मग ती कोपऱ्यातल्या स्टीलच्या कपाटाकडे गेली आणि मोबाइल आत, राउटरला टेकवून धरला. चित्र लख्ख. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठणठणीत होती. मोबाइल कपाटाबाहेर आणला की पुन्हा धूसर. मधे होते ते धाकटीचे अकरा कप आणि दोन पितळी ढाली. पाहुणे येणार म्हणून बाबांनी सकाळी ते घासूनपुसून ओळीने मांडले होते आणि लुकलुकणारा राउटर शोभा घालवतो म्हणून मागे ढकलला होता.

बाबांचा चेहरा पडला. एवढ्या हौसेने मांडलेले कप काढायचे का, त्यांनी हळूच विचारलं.

“कप राहू देत हो. राउटर तेवढा बाहेर काढा.”

वायर आखूड निघाली. कुठे टेकवता येईना, म्हणून बाबा तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभे राहिले. टीव्हीवरचा ठिपका आधी पोरगी झाला, मग आपली पोरगी झाला. तिने वजन छातीशी घेतलं, दम घेतला आणि वर नेलं. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले. घर दणाणलं, आणि बाबा हात खाली करायचंच विसरले.

तासाभराने धाकटीचा फोन आला. नीट दिसलं का, तिने विचारलं.

“उठताना तुझा डावा गुडघा थरथरला,” आई म्हणाली. “आधी बर्फ लाव.”

“आई, हे कोचलासुद्धा दिसलं नाही.”

लेकीचा अभिमान आईला होताच. पण फोन ठेवताना तिने मान ताठ केली, ती स्वतःसाठी.