अकरा मिनिटं पुढे

घड्याळजींच्या घरात जन्मलेली आणि जन्मल्यापासून एका जागी न टिकलेली मुलगी. वडील तिला ‘सेकंदकाटा’ म्हणायचे, यात नवल ते काय? आता ती चाळिशीला टेकली होती, वेधशाळेत नोकरीला होती, तरी खुर्चीत कधी पुरती बसत नव्हती. आज तर तिने पाठही टेकली नव्हती. खिडकीशी जायची, पश्चिमेकडे बघायची, परत येऊन पडद्यावरची यादी वर-खाली करायची, की पुन्हा खिडकी.

“अगं, तू बघतेस म्हणून सूर्य लवकर मावळणार आहे का?” घुमटवाले काका म्हणाले. घुमट उघडायचा, दुर्बीण सांगितलेल्या जागी वळवायची, हे काम ते सव्वीस वर्षं करत होते. “बस जरा. तुझ्याकडे बघून मला धाप लागली.”

“बसते, काका,” म्हणत ती पुन्हा उठली.

तिचं काम सांगायला सोपं होतं. जगात कुठेतरी कुणालातरी ताऱ्यांमधून सरकणारा नवा ठिपका दिसतो. तो पृथ्वीजवळून जाणारा दगड असू शकतो, म्हणून तो पडताळणीच्या यादीत चढतो. यादी साऱ्या वेधशाळांना खुली. आणखी कुणी तो पाहिला, अमुक वेळी अमुक जागी होता असं कळवलं, की त्याचा मार्ग ठरतो, त्याला रीतसर क्रमांक मिळतो आणि तो यादीतून उतरतो. कुणालाच दिसला नाही, तरीही काही दिवसांनी उतरतोच, पण मग त्याची कुणी आठवणही काढत नाही. तिने आजवर शेकडो दगड क्रमांकापर्यंत पोचवले होते. आणि कितीतरी दगडांपुढे ‘दिसला नाही’ असे दोन शब्द लिहून चहाला गेली होती.

आज यादीत वरून तिसरा होता ‘चारशे सतरा’. तो तिच्या वडिलांचा होता.

त्यांनी दुकान बंद केलं तेव्हा दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला बांधलेली शेवटची चिठ्ठी होती चारशे बारा नंबरची. पुढचे नंबर त्यांनी आकाशाला दिले. गच्चीवर स्वतः आरसा घासून केलेली दुर्बीण, तिला जोडलेला कॅमेरा, आणि सूर्य मावळल्यावर पश्चिमेच्या त्या खालच्या पट्ट्यात शोध, जिकडे मोठ्या दुर्बिणी सहसा वळत नाहीत. चारशे तेरा आणि चौदा आधीच कुणीतरी शोधलेले निघाले. पंधरा, सोळा ढगांनी खाल्ले. मग छातीचं दुखणं आलं, नऊ दिवस रुग्णालय झालं. घरी आल्यावर हात थरथरू लागला, स्क्रू पकडता येईना. डॉक्टरांनी गच्चीचा जिनाही बंद करायला सांगितला होता. ते त्यांनी ऐकलं नाही, आणि तिसऱ्याच संध्याकाळी चारशे सतरा सापडला.

“हा शेवटचा,” त्यांनी फोनवर सांगितलं होतं. “हा लागला तर मी माणूस अजून कामाचा आहे म्हणायचं. नाही लागला तर जिना बंद.”

दोन संध्याकाळी तिने मोठी दुर्बीण त्या जागी लावून पाहिली. काहीही नव्हतं. दुसऱ्या एका वेधशाळेनेही पाहिलं, त्यांनी यादीत तिचेच दोन शब्द लिहिले. तिसरीकडे ढग होते.

दुपारी मोठ्या बाई आल्या. त्या वेधशाळेच्या प्रमुख. आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्याची गरजच पडत नसे.

“मॅडम, आज वीस मिनिटं द्या.”

“दोन संध्याकाळी दिल्या की. यादीत आणखी नऊ आहेत. त्यांच्या कुणाची मुलगी इथे नोकरीला नाही, म्हणून त्यांनी ताटकळायचं?”

“उद्यापासून तो सूर्याच्या उजेडात जातोय. मग यादीतून काढतील.”

“ते मला कळतं ग.” बाई तिच्या खुर्चीत बसल्या, ती रिकामीच होती. “वाईट वाटून घेऊ नकोस. दोन्ही दिवस जो एकाच माणसाला दिसतो आणि इतर कुणालाच नाही, तो बहुधा आकाशात नसतो. भिंगावर असतो. किंवा डोळ्यात.” मग उठत त्या म्हणाल्या, “वीस मिनिटं. सहा पंचावन्नपासून. त्यानंतर मला चौथ्या नंबरचा हवाय.”

हे डोळ्यातलं बोलणं तिला लागलं, कारण सकाळपासून ते तिच्याही मनात घोळत होतं. तिने घरी फोन लावला. वडिलांकडे मोबाइल नव्हता. मनगटावर घड्याळही नव्हतं. हलवायाने मिठाई खावी का, म्हणायचे.

“बाबा, काल परत दिसला तुम्हाला?”

“दिसला म्हणजे! यायला हवा त्याच जागी, ठरल्या वेळेला. पाहुणा असावा तर असा.”

“आम्हाला नाही दिसला.”

अगदी साधेपणाने ते म्हणाले, “तुमची दुर्बीण मोठी आहे ना ग?”

मोठीच होती. पण मोठ्या दुर्बिणीचं बघणं किल्लीच्या भोकातून अंगण बघण्यासारखं. दिसतं ते लख्ख, पण दिसतं चिमूटभर. सांगितलेल्या जागेपासून दगड जरा सरकलेला असला, की तो भोकाबाहेर. तिने वडिलांची सगळी मोजमापं पुन्हा तपासली. दोन संध्याकाळींची आठ. आठही एकमेकांशी चोख जुळत होती. वेड्यावाकड्या डागाची मोजमापं अशी जुळत नाहीत, हेही तिला कळत होतं. म्हणून तर जीव थाऱ्यावर नव्हता. खोटं म्हणावं तर इतकं नेटकं, खरं म्हणावं तर जागेवर काही नाही.

ती पाणी प्यायली. बाटली पुन्हा भरली. पायऱ्या उतरून खाली गेली, कशाला आलो ते विसरून वर आली. काका नुसते बघत होते.

शेवटी तिने पुन्हा घरी फोन केला. खरं तर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. फोन आईने उचलला.

“हे गच्चीवर गेलेत, आरसा पुसायला. नको म्हटलं तर ऐकतात का? तू जेवलीस का दुपारी?”

“जेवले ग. आई, ते—”

“थांब हं, ह्यांच्या गोळीची वेळ झाली बघ.”

आणि फोनमधून टोले ऐकू आले. टेबलावरच्या घड्याळाचे, तिच्या लहानपणापासूनचे, जरा घोगरे. एक, दोन... ती सवयीने मोजत गेली. सहा.

तिची नजर समोरच्या भिंतीवर होती. तिथलं घड्याळ साऱ्या जगाच्या वेळेशी बांधलेलं, त्यात क्षणाचीही चूक नसायची. तिथे पाच वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली होती.

आयुष्यात पहिल्यांदाच ती काही क्षण अजिबात हलली नाही.

“आई, टेबलावरचं घड्याळ पुढे आहे.”

“छे! ते कसं पुढे असेल? त्याच्यावर तर ह्यांचा जीव.”

जीव होताच. इतका की गच्चीवरच्या चित्रांवर वेळ उमटवणाऱ्या संगणकाला इंटरनेटवरून वेळ घेऊ द्यायचे नाहीत. ‘जन्मभर मी लोकांना वेळ लावून दिली, आता त्यांच्याकडून मागू?’ असं म्हणत रोज संध्याकाळी त्या टोल्यांवर संगणकाची वेळ हाताने लावायचे.

“आई, बाबा रुग्णालयात होते, तेव्हा त्याला किल्ली कुणी दिली?”

“मीच. ह्यांना नेलं त्या गडबडीत राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर घड्याळ बंद. काळजात धस्स झालं माझ्या. इतक्या वर्षांत ते थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिथेच उभी राहिले आणि नेम धरला. हे परत येईपर्यंत रोज सकाळी, आंघोळ झाल्यावर, तोंडात पाण्याचा थेंब घ्यायच्या आधी किल्ली द्यायची. हे चाललं तर ते चालतील, असं आपलं मनात आलं. एक दिवस चुकवला नाही बघ.”

“आणि बंद पडलेल्या घड्याळात वेळ कुठली लावलीस?”

“आपल्या स्वयंपाकघरातल्या घड्याळात बघून...” आईचा आवाज वाक्याच्या अर्ध्यातच बारीक झाला.

स्वयंपाकघरातलं घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं. गेली तीस वर्षं. सेकंदकाटा घरभर भिरभिरायचा आणि शाळेत मात्र उशिरा पोचायचा, म्हणून. आधी ते दहा मिनिटं पुढे होतं, पण पोरगी मनातल्या मनात दहा वजा करून आरामात निघायची. मग वडिलांनीच एक मिनिट वाढवलं. ‘अकरा वजा करायला तुला जरा वेळ लागेल, तेवढ्यात बूट घाल.’

“ह्यांना सांगू नकोस,” आई म्हणाली. “हात गेला, दुकान गेलं. आता ते घड्याळही चुकलं म्हटलं तर... मला बोल काय ते. माझी चूक आहे.”

“आई, मी नंतर बोलते,” म्हणून ती पळाली.

“काका! जागा बदलायची! पुढे!”

मोठ्या बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवून सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे तुझ्या वडिलांनी सात अकरा लिहिले, तेव्हा खरे सातच वाजले होते.”

“हो. आणि आपण खऱ्या सात अकराला त्या जागी बघतो, तोवर दगड अकरा मिनिटं पुढे निघून गेलेला असतो. वाट तीच, फक्त पुढे. बाबांना रोज दिसतो, कारण त्यांचं चुकलेलं घड्याळ रोज तेवढंच चुकतं!”

बाईंचा चष्मा खाली आला आणि त्या स्वतः येऊन पडद्याशी बसल्या.

सहा पंचावन्नला क्षितिजावर धुरकट पट्टा होता. पहिली पाच मिनिटं त्यात गेली. तिने बोटं मोडली, पुन्हा मोडायला घेतली, ती मोडेनात. सात वाजता पट्टा सरकला. काकांनी दुर्बीण वाटेवर अकरा मिनिटं पुढे नेली. एक चित्र आलं. दुसरं. तिसरं. तिने तिन्ही एकावर एक ठेवून भराभर पलटवली. तारे जागच्या जागी ठाम. आणि डाव्या कोपऱ्यात एक फिकट ठिपका टुक, टुक करत दोन पावलं चालला.

तिने मागे हात करून शेजारची खुर्ची चाचपली आणि चक्क पाठ टेकली.

“बसली!” काका ओरडले. “मॅडम, बघा, बसली!”

आणखी चार चित्रं घेऊन झाल्यावर मोठ्या बाई तिच्याकडे वळल्या. “सापडला तर खरा. आता पुढचं ऐक. तुझ्या वडिलांच्या वेळा आपल्या वेळांशी जुळणार नाहीत. गणित त्यांची आठही मोजमापं टाकून देईल आणि शोध आपल्या नावावर पडेल. ते नको असेल तर दुरुस्ती गेली पाहिजे, कारणासकट. आणि ती ज्याची त्याने पाठवायची असते. तू लिहिलेली चालायची नाही. आत्ताच.”

फोन हातात घेऊन तिने गोल जिन्याच्या दोन फेऱ्या मारल्या. आईचा शब्द मोडायचा, की वडिलांचा दगड घालवायचा? शिवाय त्यांच्या घड्याळाबद्दल त्यांनाच सांगायचं. तिसऱ्या फेरीला तिने नंबर लावला. या वेळी वडीलच होते.

“बाबा, सापडला.”

“मग! म्हटलं नव्हतं?”

“पण सांगितलेल्या जागी नव्हता.”

त्यांनी दुकानातल्या आवाजात विचारलं, “पुढे की मागे?”

“पुढे.”

“किती?”

“अकरा मिनिटं.”

पुढे काही सांगावं लागलं नाही. अकरा मिनिटांचं घड्याळ साऱ्या दुनियेत एकाच स्वयंपाकघरात होतं, आणि ते त्यांनीच लावलं होतं.

“अगं,” त्यांनी घरात हाक मारली. फोन तोंडाशीच होता. “मी नव्हतो तेव्हा याला किल्ली तू दिलीस?”

आईचं बोलणं तिला ऐकू आलं नाही. बरंच लांबलं. ती जिन्यात एका पायावर उभी होती, मग दुसऱ्या.

“रोज?” वडिलांनी तिकडे आईला हळूच विचारलं. “पाणीसुद्धा न पिता?”

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“सेकंदकाट्या,” ते खाकरून म्हणाले, “दुरुस्तीत कारण लिहावं लागत असेल ना?”

“हो. जे असेल ते.”

“ठीक. मी लिहितो.”

अर्ध्या तासाने दुरुस्ती आली. आठही वेळा अकरा मिनिटांनी मागे. खाली कारण एका ओळीत: ‘घड्याळ नीट चालत होतं. वेळ तपासून घेणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.’

नऊ वाजायच्या आत चारशे सतरा यादीतून उतरला. त्याला क्रमांक मिळाला होता, आणि पहिल्यांदा पाहणारा म्हणून पुढे एका घड्याळजींचं नाव होतं. मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. “त्यांना सांग, भिंगाचं बोलले ते मी मागे घेतलं. डोळ्याचंही.”

तिने सांगायला फोन लावला, तर आईनेच उचलला.

“हे गच्चीवर आहेत. म्हणतात, चारशे अठरा शोधायचाय. जिन्याला कठडा बसवून घ्यायचं ठरलंय.”

“घड्याळ लावलं का नीट?”

“टेबलावरचं लावलं, फोनवर वेळ विचारून! स्वयंपाकघरातलं तसंच ठेवलंय. म्हणाले, ते चुकलेलंच नाही.” आई हसली की काय, कळलं नाही. “आणि किल्ली आता मीच द्यायची म्हणे, रोज. माझा नेम तर त्या दिवशीच पुरा झाला होता ग, हे घरी आले तेव्हाच. पण देईन.”

“पाणी पिऊन दे,” ती म्हणाली.

“बघू.”

पडद्यावर यादी हलली. तळाशी एक नवा आला होता, दोन तासांपूर्वी कुणालातरी दिसलेला. तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, आणि बसली होती तिथून उठली.