दस्त्यातला अर्धा इंच

ताईची बंदूक मंगळवारी सकाळी गेली आणि सामना रविवारी होता.

गेली म्हणजे चोरीला नाही. क्लबच्या तपासनिसाने ती मिटून खिडकीकडे धरली, आणि नळ्या जिथे मागच्या लोखंडी पेटीला घट्ट बसायला हव्यात तिथून केसाएवढा उजेड आरपार दिसला. बिजागरी झिजली होती. चौदा वर्षं त्या बंदुकीने इमानेइतबारे नोकरी केली आणि ऐन वेळी राजीनामा दिला.

"बाई, ही आता मैदानात आणायची नाही," तपासनीस म्हणाला. "फुटली तर आधी तुमचा चेहरा जाईल, मग माझी नोकरी."

वाईट बातमी विनोदात गुंडाळून देणाऱ्या माणसांचा मला तेव्हापासून राग येतो.

माझी ताई उडत्या मातीच्या चकत्या फोडते. मैदानाच्या दोन टोकांना दोन खोपटी असतात, एक उंच, एक बुटकं. त्यांतून बशीएवढी चकती सुटते आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निघून जाते. ती दिसेपर्यंत बंदूक कंबरेपाशीच ठेवायची, असा नियम. दिसली की दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला, आणि चाप. या तिन्ही गोष्टी एका श्वासात व्हाव्या लागतात. पंचवीस-पंचवीसच्या चार फेऱ्या, शंभर चकत्या. पंच्याऐंशी फोडल्या तर संघात जागा. ताई एकदा एक्याऐंशीवर थांबली होती, गेल्या वर्षी त्र्याऐंशीवर.

पुढचं वर्ष तिला नव्हतं. उजव्या डोळ्याच्या मागचा पडदा विरत चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, या हंगामापुरता डोळा साथ देईल, पुढचं सांगवत नाही. ही गोष्ट डॉक्टरांना, तिला आणि मला, एवढ्या तिघांनाच ठाऊक होती. घरी भावोजींनाही तिने सांगितलं नव्हतं. "ते मला मैदानावर जाऊच द्यायचे नाहीत," म्हणाली. "प्रेमानं माणूस फार आडवा येतो रे."

बुधवारी आम्ही बंदुका विकणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानी गेलो. नवी बंदूक अंगाला सवय होईपर्यंत सहा महिने खाते, त्यामुळे वापरलेलीच हवी होती, कुणीतरी आधीच माणसाळवलेली. पैसे ताईने साठवले होते. नव्हते ते दिवस.

मिस्त्री म्हणजे सत्तरीतला सुकलेला माणूस. कानाच्या पाळीवर पेन्सिल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि तोंडात सतत बडबड. त्यांनी तीन बंदुका टेबलावर मांडल्या. पहिली इतकी चकचकीत की तिच्यात तोंड पाहून भांग पाडावा. मिस्त्रींनी तिच्या नळ्या सुट्या केल्या, एका बोटावर टांगल्या आणि लाकडी दांडीने हलकेच टिचकी मारली. मृदंगाची शाई उखडली की कसा बद्द आवाज निघतो, तसा आला.

"ऐकलंस? दोन नळ्यांचा सांधा आतून सुटलाय. वरून पॉलिश, आतून घटस्फोट." त्यांनी ती बाजूला सारली.

"मग मांडलीत कशाला?" ताई म्हणाली.

"गिऱ्हाइकाचे कान पाहायला. तुझे बरे आहेत."

दुसरीच्या नळ्या छान गायल्या, पण तिचा दस्ता डावखुऱ्यासाठी वाकवलेला होता. तिसरी साधी होती, काळपट अक्रोडाच्या दस्त्याची. गालाच्या जागी लाकूड झिजून मऊ झालेलं. टिचकी मारली तर सूर लांबवर घुमत राहिला.

"दातांच्या डॉक्टरांची," मिस्त्री म्हणाले. "गेले बिचारे दोन वर्षांपूर्वी. डॉक्टरीणबाईंनी आत्ता कुठे बाहेर काढली. डोळे मीट आणि उचल."

ही खरी परीक्षा. डोळे उघडे असले की माणूस बंदुकीप्रमाणे स्वतःला वाकवतो आणि बंदूक बरोबर आहे अशी समजूत करून घेतो. ताईने डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली, मग डोळे उघडले. नजर थेट नळीवरच्या पट्टीवरून टोकाच्या माशीवर, म्हणजे नेम धरायच्या मण्यावर गेलेली. फक्त नाक अंगठ्याच्या फार जवळ आलं होतं. दस्ता थोडा आखूड वाटत होता.

"किती आखूड?" मिस्त्रींनी विचारलं.

मी पट्टी काढली. मी सुतार आहे. लोकांची कपाटं, दारं, टेबलं मापून बसवण्यात माझा हात धरणारा गावात कुणी नाही, असं मला वाटायचं. दुकानात शेगडी पेटलेली होती, उकडत होतं, ताईने जाकीट खुंटीला अडकवलं होतं आणि ती सुती सदऱ्यावर उभी होती. मी तिच्या कोपरापासून बोटापर्यंत मापलं, खांद्याशी मापलं, पुन्हा मापलं.

"अर्धा इंच," मी म्हणालो. "मी वाढवून देतो."

डॉक्टरीणबाई संध्याकाळी स्वतः आल्या. बारीक चणीच्या, ताठ. सामन्यापुरती वापरा, पटली तर कागद करू, मी स्वतः परवाना घेऊन मैदानावर येईन, म्हणाल्या. अट एकच. "जोडायचं ते जोडा. पण त्यांच्या लाकडाला करवत लावायची नाही. त्यांच्यामागे घरातलं सगळं लोकांनी वाटून नेलं. ही एवढी एक वस्तू अखंड राहिलीय."

मी शब्द दिला. टोकाची रबरी गादी काढली, मध्ये अर्ध्या इंचाचा तुकडा बसवला, आत खोल खुंट्या ठोकल्या, वर असा सरस लावला की सांधा नखालाही कळू नये. गुरुवारी आणि शुक्रवारी पावसाने मैदान बंद होतं. शनिवारी सरावाला एकच फेरी मिळाली, तीही दुपारी. ऊन होतं, ताईने जाकीट घातलं नाही. चोवीस फुटल्या. त्या दिवशी मी माझ्याच हाताची पाठ थोपटली.

रविवारी सकाळी तोंडातून वाफ निघत होती.

ताईने नेहमीचं जाकीट चढवलं. खांद्यावर जाड गादी शिवलेलं, खिशात काडतुसं. पहिली चकती उंच खोपट्यातून सुटली. बंदूक वर आली आणि दस्ता काखेजवळ कापडात अडकला. ताईने तो ओढून खांद्यावर आणला तोवर चकती कुंपणापलीकडे जाऊन पडली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मला त्याच क्षणी सगळं कळलं. मी माप तिच्या अंगाचं घेतलं होतं. बंदूक अंगाला नाही, जाकिटाला लागते, आणि जाकिटाच्या गादीने तो अर्धा इंच आधीच भरून काढला होता.

पहिल्या फेरीत आठ सुटल्या. सतरा.

"सुताराची बहीण ना?" शेजारच्या रांगेतला एक नेमबाज, ज्याला सगळे काडेपेटी म्हणत, माझ्या अंगावरून जाताना म्हणाला. "दस्ता बसवलायस की दाराला अडसर लावलायस?"

मी सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या कुंपणापाशी बाकावर बसल्या होत्या. चूक सांगितली. अर्धा इंच पुन्हा काढावा लागेल, सरस सुटणार नाही, करवतच लावावी लागेल, सांध्यापाशी तुमचं लाकूडही धागाभर जाईल, सगळं सांगितलं.

"ते नेहमी जाकीट घालूनच माप द्यायचे," त्या म्हणाल्या. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"विचारायला हवं होतं."

"करवत नाही." आणि त्यांनी मान फिरवली.

ताईने ऐकलं होतं. तिने वाद घातला नाही, जाकीट काढलं. पंच म्हणाला, चकती दिसेपर्यंत दस्ता कुठे ठेवायचा ती खुणेची पट्टी कपड्यावर असलीच पाहिजे. मी जाकिटावरची पिवळी पट्टी उचकटून तिच्या सदऱ्यावर चिकटवली.

"ताई, खांदा फुटेल."

"खांद्यानं कुठे बघायचंय?"

दुसऱ्या फेरीत तेवीस. दस्ता आता सरळ खांद्यावर येत होता, पण मध्ये गादी नव्हती, नुसतं सुती कापड आणि हाड. प्रत्येक बाराला तिचं डोकं मागे हिसकलं जायचं. तिसऱ्या फेरीत दहाव्या चकतीनंतर मी तिचा चेहरा बघणं सोडून दिलं. चाप ओढण्याआधीच तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. पुढे काय येणार हे शरीराला कळलं की ते आधीच अंग चोरतं, मन काहीही म्हणो. वीस.

साठ झाल्या. पंचवीस उरल्या होत्या, आणि पंचवीसच हव्या होत्या.

मध्ये चाळीस मिनिटं होती. ताई बायकांच्या खोलीत गेली. डॉक्टरीणबाई तिच्यामागे गेल्या. थोड्या वेळाने त्या एकट्याच बाहेर आल्या, हातात बंदूक, नळ्या वेगळ्या केलेल्या.

"खांदा पाहिला मी," त्या म्हणाल्या. "वांग्याच्या रंगाचा झालाय. तुमची हत्यारं कुठायत?"

"गाडीत."

"चला."

गाडीच्या मागच्या फळीवर दस्ता आवळून धरायला शिकंजा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी आपला कोट काढला, घडी घालून मांडीवर घेतला, त्यावर दस्ता दाबून धरला. मी सर्वांत बारीक दातांची करवत काढली. पहिला घास घेताना त्यांनी डोळे मिटले. मग उघडले आणि शेवटपर्यंत पाहत राहिल्या. माझे सांधे कधी सुटत नाहीत, याचा मला आयुष्यभर अभिमान होता. त्या वीस मिनिटांत एकेका खुंटीशी झगडताना मी त्या अभिमानाला पोटभर शिव्या दिल्या. भुसा त्यांच्या कोटावर पडत होता, आधी माझ्या लाकडाचा फिकट, मग त्यांच्या अक्रोडाचा काळसर. काळसर पडला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तिरका जाऊ देऊ नका."

तिरका गेला नाही. रबरी गादी स्क्रूने बसवली, ताईला हाक मारली. तिने जाकीट घातलं. मी पट्टी परत त्यावर चिकटवली. डोळे मिटून बंदूक उचल म्हटलं. तिने उचलली, खांद्याला टेकताना तिच्या घशातून आवाज निघाला. डोळे उघडले.

"बसली," ती म्हणाली.

देवाशी सौदा करू नये, हे मी लहानपणापासून कथा-कीर्तनात ऐकत आलो. देव काही दुकान मांडून बसलेला नाही, आणि आपल्या पेटीत त्याला लागणारा मालही नाही. तरी त्या दिवशी मी कुंपणाला धरून सौदा केला. म्हटलं, माझा हात घे, कलाकुसर घे, पुन्हा कधी मापाचा गर्व करणार नाही, पण पंचवीस दे.

पहिली फुटली. काळा धूर झाला नुसता. दुसरी फुटली. तिसरी बुटक्या खोपट्यातून, उजवीकडून आली. ताईने बंदूक उचललीच नाही. चकती तिच्यासमोरून गेली, गवतात पडली, अखंड. पंचाने हात वर केला.

तिला ती दिसलीच नव्हती.

संपलं. मी तिथेच खाली बसलो. ओलं गवत पँटमधून अंगाला लागलं, तरी उठवेना. मला वाटलं, आता ती बंदूक रिकामी करून बाहेर येईल, मी तिला घरी नेईन, खांद्याला काही लावू, आणि पुढे कधीच यातलं काही बोलायचं नाही.

ती आली नाही. तिने काडतूस भरलं, पाय रोवले आणि चकतीसाठी हाक दिली, तीच हाक, जितकी पहिल्या फेरीला खणखणीत होती तितकीच. चौथी फुटली. पाचवी फुटली. बुटक्या खोपट्यातून चकती यायची असली की ती आता सगळी मान वळवून डावा डोळा मदतीला घेत होती, आणि बार काढताना परत गाल दस्त्यावर. असं कुणी शिकवत नाही, कारण असं करायची वेळ कुणावर येत नाही. पंधरावीला पंच आपल्या वहीतून वर बघायला लागला. विसावीला शेजारची रांग थांबली. आता त्यातून काहीही मिळणार नव्हतं, हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. तिला तर सगळ्यांत आधी.

ओळीने बावीस फुटल्या.

चौऱ्याऐंशी. पंचाने आकडा दोनदा बेरीज करून वाचला, जणू एखादी कुठे लपली असेल.

ताई चालत माझ्याकडे आली. उजवा हात शरीराला चिकटून लोंबत होता. डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातून बंदूक काढून घेतली आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत बाजूला उभ्या राहिल्या.

"ताई," मी म्हणालो, "माझ्यामुळे गेलं."

मला वाटलं ती म्हणेल, नाही रे वेड्या. तशी ती लहानपणापासून म्हणत आलीय. मी बाबांचं घड्याळ फोडलं तेव्हाही म्हणाली होती.

"हो," ती म्हणाली. "पहिल्या फेरीतल्या आठ तुझ्या. ही तिसरी माझी. मधल्या सात दोघांत वाटून घेऊ."

मी रडायला लागलो. चाळिशीला आलेला माणूस, भर मैदानात, नाक गळतंय.

"पुरे," ती म्हणाली. "मला जाकीट काढता येत नाहीये. हात वर होत नाही."

मी उठलो. आधी डावी बाही सोडवली. मग उजवीकडे आलो, बाही खांद्यापासून दोन बोटं दूर धरली, कापड हाडाला लागू न देता, माप घेताना करतो तशा सावकाशीने खाली उतरवायला लागलो. तिने दात घट्ट आवळले होते.

"सावकाश," ती म्हणाली. "आता काही घाई नाही."