हवा आणि हवी

मुलीने पाठवलेलं अन्न हवाबंद करायचं मशीन दहा दिवस खोक्यातच राहिलं, कारण त्याच्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका मी आधी वाचायला घेतली. माझी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. चूक दिसली की पेन्सिल आपोआप हातात येते. त्या बारा पानांत एकतीस चुका निघाल्या. मशीन कसं चालवायचं, ते मात्र काही डोक्यात शिरलं नाही.

"आता ती पुस्तिकाच शिजवून खा," बायको म्हणाली.

तिचं बरोबर होतं. मुलीचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं आणि बायको रविवारी दोन आठवड्यांसाठी तिच्याकडे निघाली होती. मला घरीच राहायचं होतं. मुलीच्या सासरी अकरा माणसं आहेत, सगळी प्रेमळ आणि सगळी एकाच वेळी बोलणारी. मागच्या खेपेला जेवणाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, "व्याही आता दोन शब्द बोलतील." मी हात धुवायला म्हणून न्हाणीघरात गेलो आणि साबणाच्या पुडीमागचा मजकूर दोनदा वाचून काढला. बाहेर आलो, तर सगळे अजून वाट बघत होते.

बायकोने अट घातली. "रोज एक असे चौदा पुडे. स्वतः शिजवायचं, स्वतः बंद करायचं. रविवारी सकाळी सगळे फ्रीझरमध्ये दिसले पाहिजेत. एक जरी कमी भरला, तर तुम्ही माझ्याबरोबर." आणि शुक्रवारीच तिने माझी तपकिरी बॅग भरून दाराशी ठेवली. विश्वास म्हणतात तो हाच.

डाळ, भात, बटाट्याची भाजी, पालेभाजी. मला येतं ते एवढंच. पहिल्या पिशवीत मी पातळ डाळ तशीच ओतली. मशीनने हवा ओढायची, तर डाळच ओढली आणि तहान भागल्यासारखा आवाज काढून बंद पडलं. ते पुसून वाळवण्यात अर्धा दिवस गेला. मग डाळ आधी डब्यात गोठवायची आणि तिची वीट पिशवीत घालायची, ही युक्ती सुचली. ती पुस्तिकेत पान सातवर होती, असं नंतर लक्षात आलं. त्या पानावर मी फक्त एक अनुस्वार दुरुस्त केला होता.

शनिवारी दुपारपर्यंत चौदा पुडे झाले. संध्याकाळी पाहिलं, तर सात दगडासारखे घट्ट होते आणि सात माझ्या गालांसारखे सैल. त्यांच्यात कुठून तरी हवा शिरली होती. सकाळी ते सात पुन्हा बंद करू, असं मनाशी ठरवलं, बायकोला काही बोललो नाही. गोंधळ नको म्हणून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. सैल पुड्यांवर लिहिलं, "हवा". घट्ट पुड्यांवर, "हवा नाही". चौदाही फ्रीझरमध्ये ठेवले आणि निवांत झोपलो.

रविवारी सकाळी वाचनालयात पुस्तक परत करून आलो. फ्रीझर उघडला, तर आत सातच पुडे. सातही सैल.

"अगं, बाकीचे कुठे गेले?"

"खालच्या दुकानातल्या शिंपीदादांना दिले," बायको पिशवीचं तोंड बांधत म्हणाली. "तुम्हीच लिहिलं होतंत ना, हवा नाही म्हणून? म्हटलं, फसले असतील, माणसाला लाज वाटत असेल. आपणच गुपचूप देऊन टाकावेत."

ते सात टेबलावर ठेवून मी खुर्चीवर बसलो. "हवा नाही म्हणजे आत हवा नाही. वायू नाही. ते चांगले होते. हे सात खराब आहेत. यांच्यात हवा आहे."

"मग तसं लिहायचं."

"तसंच लिहिलंय. डाळ स्त्रीलिंगी आहे, भाजी स्त्रीलिंगी आहे. पाहिजे अशा अर्थाने लिहायचं असतं तर मी 'हवी' लिहिलं असतं."

"पुडा पुल्लिंगी नाही का?"

पुस्तिकेत पिशवी म्हटलं होतं, मीही मनात पिशवीच म्हणत होतो. पण या घरात पुडाच म्हणतात, चाळीस वर्षं. दुसऱ्यांच्या वाक्यांतले दुहेरी अर्थ शोधून काढण्याचा मला पगार मिळत होता.

"आणि खरं सांगू?" ती म्हणाली. "आधी वाटलं, तुमची वेलांटी राहिली. इतका आनंद झाला मला."

गाडी यायला वीस मिनिटं होती. तपकिरी बॅग दाराशी उभीच होती.

तेवढ्यात शिंपी वर आला. गळ्यात टेप, हातात सहा पुडे. "काकू, हे चांगले आहेत, फुकट घालवायचे नाहीत म्हणून परत आणलेत. एक उघडला मी. बटाट्याची भाजी. न्याहारीला खाल्ली."

"कशी होती?" मी विचारलं. आवाज जरा बारीकच निघाला.

"मीठ कमी होतं. पण खाल्ली की सगळी." त्याने टेबलावरचा एक सैल पुडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "काका, ही शिवण कुणी घातली?"

"मशीनने."

"मशीन कसली घालतंय. इथं चुणी पडलीय, बघा. चुणीतून वारा जाणारच. दोन्ही हातांनी ताणून धरायचं, कापड धरतो तसं. आणि कड ओली ठेवायची नाही."

त्याने जुनी शिवण कापली, कड कोरडी पुसली आणि ताणून धरली, मी बटण दाबलं. पिशवी आतल्या विटेला घट्ट चिकटली. "आता तिच्याखाली अजून एक. दुहेरी शिवण," तो म्हणाला. सातवा पुडा बंद होत असताना खाली गाडीचा हॉर्न वाजला.

बायकोने पुडे मोजले. "तेरा," ती म्हणाली. "चौदा ठरले होते."

मी बॅगेकडे पाहिलं.

"चौदावा मी खाल्लाय," शिंपी म्हणाला. "तेव्हा चौदाव्या दिवशी काका माझ्याकडे जेवतील. आम्ही चौघंच आहोत."

"ते बोलणार नाहीत हं एक शब्द."

"माझी बायको बोलते. पुरतं तेवढं."

बायकोने माझी तपकिरी बॅग उचलली, आतल्या खोलीत नेली आणि पलंगाखाली ढकलली. परत आली तेव्हा सैल पुड्यांवरच्या काढलेल्या पट्ट्यांपैकी एक तिच्या बोटावर होती. ती तिने माझ्या सदऱ्याच्या खिशावर चिकटवली आणि वरून दोनदा दाबली.

"मीठ बघून घालत जा," एवढंच म्हणाली.

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आम्ही दोघं खाली उभे होतो. शिंपी माझ्या खिशाकडे बघत होता.

"काका, 'हवा' लिहिलंय. काढायची राहिली वाटतं पट्टी."

मी मान खाली घालून वाचलं. शब्द पुल्लिंगी होता आणि मीही.

"राहू दे," मी म्हणालो. "बरोबर आहे ते."