कोंढ्याचं तिकीट

अंकुशचं पहिलं अक्षर अडकलं रे अडकलं, की पुढचा शब्द त्याची आई सुमित्राबाई पुरा करून टाकायची. माया हो, दुसरं काय! लेकाला कोणी हसू नये म्हणून तिचा जीव तळमळायचा. पण या मायेपायी तिशी गाठली तरी आपला शब्द आपणच शेवटाला न्यायची सवय काही अंकुशला लागली नाही. एकटा भंडाऱ्याहून निघाला, की हा पठ्ठ्या सरळ पवनीचं तिकीट काढायचा आणि अलीकडे, आपल्या गावी कोंढ्याला उतरायचा. गावाचं नाव घेतानाच जीभ रुतायची ना! आईला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी भंडाऱ्यात सुमित्राबाईची दाढ काढली. डॉक्टरांनी कापूस दाबून दिला आणि तासभर तोंड उघडायचं नाही अशी तंबी दिली. मायलेक परतीच्या एसटीत बसले. आता बोलणार कोण?

कंडक्टरबाई आल्या. "पवनीच ना भाऊ, नेहमीसारखं?"

सुमित्राबाईनं चमकून लेकाकडे पाहिलं. नुसती मान डोलावली असती तर सुटला असता बिचारा. पण आईच्या देखत ती लबाडी त्याच्यानं होईना.

"नाही जी. को... को..."

"कारधा?" मागून एकानं मदत केली. "कोसरा?" दुसऱ्यानं. तिसरा तर फिसकन हसलाच. अंकुशचे कान तापले, होता तो आवाजही गेला. सुमित्राबाई "हूं हूं" करत हातवारे करू लागली.

"थांबा जी सारे," कंडक्टरबाई म्हणाल्या. "त्याइले सांगू द्या ना. काहून घाई करून राहिले?"

आणि मशीनवरचं बोट उचलून त्या निवांत उभ्या राहिल्या.

"को... कोंढा. दोन."

आला की शब्द! अंकुशला इतकं हलकं वाटलं, की तिकिटं हातात धरून तो कितीतरी वेळ नुसता हसत बसला.

कोंढ्याच्या स्टॉपवर शेजारचे केवळराम भेटले. "काय रे अंकुश, कुठी गेलते मायलेक?"

तास केव्हाच उलटला होता, कापूसही सुमित्राबाईनं काढून टाकला होता.

"मा... मा... मायची..."

सवयीनं तिचं तोंड उघडलं. मग तिनं ते मिटलं, हातातली पिशवी खाली ठेवली, आणि दाढ कोणाची काढली हे जणू आपल्याला ठाऊकच नाही, अशी लेकाकडे पाहत उभी राहिली.