हनुवटीवरचा कॅमेरा

शनिवारी दुपारी दिपाली हेल्मेट आणि एक छोटा खोका घेऊन दुकानात आली, तेव्हा नाहिद एका जुन्या मोटारसायकलच्या सीटवर रेक्झिन ताणत होती. हिंगोलीत मोंढ्याच्या रस्त्याला तिच्या वडिलांचं, खाजा मियांचं, सीट कव्हरचं दुकान. गेली सहा वर्षं निम्म्याहून जास्त काम नाहिदच करायची. खाजा मिया त्या वेळी फोम आणायला गेले होते.

"आला बघ," दिपालीने खोका काउंटरवर ठेवला. "कॅमेरा. हेल्मेटच्या हनुवटीवर बसवून दे. उद्या सकाळी साखऱ्याला जायचंय."

नाहिदने हातातली पक्कड खाली ठेवली. खोका उघडायच्या आधीच तिला कळलं होतं की ही आपली जागा घ्यायला आलेली वस्तू आहे.

दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. दिपाली आता एका मेडिकलच्या दुकानात कामाला होती. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ती भावाची गाडी घेऊन निघाली आणि नाहिद मागे बसली. एक हात दिपालीच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात मोबाइल. औंढ्याच्या वाटेवर एके ठिकाणी डांबर उखडलं होतं. ते दाखवत नाहिद म्हणाली, "हा रस्ता बघा, कुणी शिवण उसवल्यावानी झालाय." लोकांना ते इतकं आवडलं की आठवडाभर तेच चाललं होतं. मग दर रविवारी एक गाव. चॅनेलचं नाव 'दोघींची गाडी'.

पुढे लोक लिहू लागले, व्हिडिओ हलतो, डोकं दुखतं. दिपालीने ते हसत वाचून दाखवलं. नाहिदही हसली. त्यानंतर एक दिवस चॅनेलचं नाव बदलून 'दिपालीची गाडी' झालं. "लोकांना एकच नाव लक्षात राहतं गं," दिपाली म्हणाली. मग ती एकटी जाऊ लागली, मोबाइल हँडलला लावून. बघणारे वाढत वाढत चाळीस हजारांवर गेले. मागच्या महिन्यात एका लग्नात चार पोरींनी दिपालीला घेरलं आणि फोटो काढायला मोबाइल नाहिदच्या हातात दिला. नाहिदने फोटो काढला. दोनदा काढला, कारण पहिल्यात दिपालीचे डोळे मिटले होते.

रोज सकाळी दुकान उघडलं की नाहिद आधी दिपालीच्या चॅनेलचा आकडा बघायची. एखादा व्हिडिओ फारसा कुणी बघितला नाही की तिला दिवसभर हलकं वाटायचं. स्वतःची लाज वाटायची, पण हलकं वाटायचं हे खरं.

"कालच पॉलिश मारलंय हेल्मेटला," दिपाली म्हणाली. "कसं चमकून राहिलंय बघ."

नाहिदला हे काम पाठ होतं. आजवर आठ-दहा जणांच्या हेल्मेटला तिने कॅमेरे बसवले होते. पॉलिशवर गोंद धरत नाही. आधी स्पिरिटने पुसायचं, वाळू द्यायचं. हनुवटीला बाक असतो, म्हणून कॅमेरा अडकवायची चिकट पट्टी सपाट नाही, बाकदार घ्यायची. गरम हवेची गन लांबून फिरवून पट्टी ऊबदार करायची, मिनिटभर अंगठ्याने दाबून धरायची आणि मग एक अख्खा दिवस हेल्मेटला हात लावायचा नाही. शेवटी खोक्यातली बारीक दोरी कॅमेऱ्यातून ओवून हेल्मेटला बांधायची, म्हणजे पट्टी सुटली तरी कॅमेरा लटकून राहतो.

स्पिरिटची बाटली हाताच्या अंतरावर होती. नाहिदने तिच्याकडे पाहिलं आणि कोरडं फडकं उचललं. दोन हात फिरवले, पट्टी चिकटवली, कॅमेरा अडकवला.

"ही दोरी कशाची?" दिपालीने विचारलं.

"काही न्हाई. जास्तीची असती."

"आज इथंच ठेवू का मग?"

"काहून? बराबर बसलंय. घेऊन जा."

दिपालीने हेल्मेट डोक्यात घातलं, आरशात बघितलं, बोटांनी विजयाची खूण केली आणि निघून गेली. नाहिद पुन्हा सीटकडे वळली. तिने मनाशी हिशेब केला होता तो एवढाच की पट्टी जरा सैल होईल, कॅमेरा डुगडुगेल आणि या वेळी लोक दिपालीला लिहितील, व्हिडिओ हलतो. याहून जास्त तिने काही मागितलं नव्हतं.

रविवारी साडेनऊला फोन आला.

"नाहिद, पडले गं."

सेनगावच्या पुढे, साखऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नाहिदने स्कूटी काढली. पाऊण तासाचा रस्ता तिने कसा कापला ते तिला नंतर आठवेना. एका लिंबाखाली दिपाली बसली होती. गुडघ्यावर सलवार फाटून रक्त वाळलं होतं, डावं मनगट सुजून टम्म. शेजारी शेळ्या राखणाऱ्या एक बाई, बेबीबाई, पदर ओला करून तिच्या कपाळाला लावत होत्या. गाडी रस्त्याच्या कडेला आडवी होती.

"लेकरू थोडक्यात वाचलं बघा," बेबीबाई म्हणाल्या. "मागून ट्रक येऊन राहिला होता. त्यानं ब्रेक मारला म्हणून."

"गतिरोधकावर आदळले आन् कॅमेरा निसटला," दिपाली सांगत होती. "टाकीवर पडला. मी धरायला गेले, हात सोडला, चाक मुरमात घुसलं. चूक माझीच हाय. हात सोडायचा न्हाई, एवढं मला कळाया पाहिजे होतं." मग ती कसनुसं हसली. "तुझी मेहनत वाया गेली बघ."

नाहिदने गाडी बेबीबाईंवर सोपवली आणि दिपालीला स्कूटीवर मागे बसवलं. दिपालीने उजवा हात तिच्या कमरेभोवती घातला आणि कपाळ तिच्या पाठीला टेकवलं. प्रत्येक खड्ड्याला ती कण्हत होती आणि नाहिद अजून हळू चालवत होती. हिंगोलीत आल्यावर एक्स-रेत मनगटाच्या हाडाला चीर दिसली. पाच आठवडे प्लास्टर.

कॅमेरा नाहिदकडेच राहिला. "काच फुटलीय का बघ," दिपालीने सांगितलं होतं. सोमवारी दुकानात बसून नाहिदने त्यातलं सगळं बघितलं. खरं तर ती स्वतःचं नाव शोधत होती. चाळीस मिनिटांत ते कुठेच आलं नाही. दिपाली शेळ्यांबद्दल बोलत होती, उन्हाबद्दल बोलत होती. सेनगाव सोडल्यावर ती म्हणाली, "हा रस्ता बघा, कुणी शिवण उसवल्यावानी झालाय."

नाहिदच्या डोक्यात सणक गेली. माझं वाक्य. माझ्या तोंडचं, माझ्या धंद्यातलं वाक्य. आणि तेवढ्यात चित्र गर्रकन फिरलं, आभाळ दिसलं, मुरूम दिसला आणि दिपालीची किंकाळी ऐकू आली. मागोमाग ट्रकचा ब्रेक. लांब, कर्कश. नाहिदने ते बंद केलं. राग गेला नव्हता, आणि त्याच्याच शेजारी ती किंकाळी होती. दोन्हींचं काय करायचं ते तिला समजेना.

संध्याकाळी ती वडिलांना म्हणाली, "अब्बा, दिपाली मेरे वजह से गिरी." आणि सगळं सांगितलं.

खाजा मियांनी कात्रीची धार बोटाने बघितली. "गोंद को वक्त देना पडता," ते म्हणाले. "तेरेकू मालूम था."

"मालूम था."

"तो जाके उसकू बोल. मेरेकू बोलके क्या फायदा?"

दिपालीच्या घरी तिची आई सिंधूबाई चहा करायला आत गेल्या, तेव्हा नाहिदने कॅमेरा दिपालीला परत दिला आणि सांगून टाकलं. पॉलिशचं, स्पिरिटचं, दोरीचं.

"दोरी जास्तीची असती म्हणालीस."

"खोटं बोलले."

"काहून पण?"

"तुझं बघवत नव्हतं मला." हे एवढंच बोलायचं असं नाहिद घरून ठरवून आली होती, पण पुढचंही निघून गेलं. "गाडी दोघींची होती. नाव काढलंस माझं. आता वाक्यसुद्धा माझंच वापरतीस."

"म्हणून पाडलंस मला?"

नाहिदची नजर तिच्या प्लास्टरवर गेली.

"जा तू," दिपाली म्हणाली. सिंधूबाई चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा नाहिद पायात चपला घालत होती.

पाच आठवडे एकीनेही दुसरीला फोन केला नाही. दिपालीचे व्हिडिओ थांबले. आकडा जिथे होता तिथेच अडकला. नाहिदला वाटलं होतं, असं कधी झालं तर आपल्याला थंड वाटेल. तसं काही झालं नाही. ती सकाळी मोबाइल उघडायची, तोच आकडा बघायची आणि कामाला लागायची.

सहाव्या आठवड्यात दिपाली दुकानात आली. प्लास्टर निघालं होतं, मनगट बारीक आणि पांढुरकं दिसत होतं. तिने हेल्मेट आणि कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"दुसरीकडं बसवून बघितलं," ती म्हणाली. "घरी पोचेस्तोवर निघालं. मला माफबिफ करायला जमलं न्हाई अजून. पण काम तुला येतं."

"उद्या मिळेल," नाहिद म्हणाली.

जुना गोंद तिने नखाने खरवडून काढला. स्पिरिटने तीनदा पुसलं. बाकदार पट्टी घेतली, तिला ऊब दिली, हवेचा एकही फुगा राहू नये म्हणून मधून कडेकडे दाबत गेली. दोरीच्या जागी तिने सीटच्या शिवणीचा दुहेरी मेणकट दोरा वापरला. मग हेल्मेट वरच्या फळीवर ठेवलं आणि खाजा मियांनाही हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दिपाली आली.

"ओढून बघ," नाहिद म्हणाली.

"न्हाई, ठीक असंल."

"माझ्या शब्दावर नको. ओढ."

दिपालीने उजव्या हाताने कॅमेरा धरला आणि हिसका दिला. हेल्मेट काउंटरवरून उचललं गेलं, पट्टी हलली नाही. तिने अजून जोरात ओढलं. मग दोरीची गाठ उलटसुलट करून बघितली. पूर्वी तिने असं काही तपासलं नसतं.

"रविवारी हट्ट्याला चालले," दिपाली म्हणाली. "तिकडं हळद शिजवून राहिलेत."

"चल" असं ती म्हणाली नाही. नाहिदनेही विचारलं नाही, पण आत कुठेतरी दुखलं आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"अजून जळतीस का माझ्यावर?"

"व्हय," नाहिद म्हणाली.

दिपालीने मान हलवली. तिने हेल्मेट डोक्यात घातलं आणि हनुवटीखालचा पट्टा लावू लागली. डाव्या हातात अजून जोर नव्हता. क्लिप दोनदा निसटली. नाहिद काउंटरच्या बाहेर आली, तिच्यासमोर उभी राहिली आणि पट्टा खटकन लावून दिला.