माईंच्या घराचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. मित्रांनो, माझा अर्धा भाग जळून काळा पडला आहे, पण बोलायला उरलेला अर्धा पुरतो.

खरं सांगायचं तर मी कुठल्याच घराचा नव्हतो. एका मालिकेसाठी उभारलेल्या खोट्या घरात सुतारकाकांनी मला बसवलं. पुढून मी भारी लाकडाचा दिसायचो, मागून नुसतं प्लायवूड. कडी चिकटवलेली, कुलूप रंगवलेलं. त्यात माझी चौकट जरा कललेली, त्यामुळे मी मिटून राहायचोच नाही. मग काका माझ्या मागे दोरी धरून बसत. मालिकेतली आई, म्हणजे आमच्या माई, तिथेच तयार होऊन उभ्या राहत. त्या दोनदा टकटक करत, काका दोरी सोडत आणि मी उघडे. ती टकटक नंतर पुसून टाकत. घरी बसून बघणाऱ्यांना ती कधी ऐकू आलीच नाही.

त्या मालिकेला लोकांनी डोक्यावर घेतलं. माई दारात आल्या की घराघरांत बायका डोळे पुसत. माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायला रांग लागे. मीही थोडा शेफारलो होतो, खोटं का बोलू?

मग मालिका संपली. मला एका गोदामात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. वर्षानुवर्षं मी धूळ खात पडलो. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. सुतारकाका वारले, हेही मला हमालांच्या बोलण्यातून कळलं.

एके दिवशी मला बाहेर काढलं. मालिकेची पुढची गोष्ट सांगणारा चित्रपट निघणार होता. मला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. शेवटी घराला आग लागते आणि आतल्या खोलीतून माई बाहेर येतात, असं लिहिलं होतं. खोली या वेळी चारी बाजूंनी बंद होती. मी आपोआप उघडू नये म्हणून मला आतून लोखंडी कडी ठोकली.

"माई, कडी खरी आहे हं. आडवी सरकवायची आणि मग ढकलायचं," तरुण दिग्दर्शक म्हणाला.

"अरे बाळा, तू शाळेत होतास तेव्हापासून मी या दारातून ये-जा करतेय. मला दार उघडायला शिकवतोस होय?"

सगळे हसले. पण मित्रांनो, इतक्या वर्षांत माईंनी मला एकदाही स्वतः उघडलं नव्हतं.

आग पेटली. धूर भरला. माई माझ्यापाशी आल्या, दोनदा टकटक केली आणि उभ्या राहिल्या. त्यांच्या हाताला तेवढंच ठाऊक होतं.

"काका, सोडा ना दोरी," त्या खोकत पुटपुटल्या. पुन्हा टकटक.

मला हात असते तर! कडी तापत होती, माझं प्लायवूड तडतडत होतं. आणि बाहेरून दिग्दर्शकाचा आवाज आला, "वा! काय काम करतायत! कोणी थांबवू नका."

मालिकेत त्यांचा धाकटा मुलगा झालेला नट बाहेर बैठकीच्या खोलीत उभा होता. तो आता मोठा हिरो झाला आहे. त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "अहो, ही टकटक गोष्टीतली नाही! आई अडकलीय आत!" असं ओरडत त्याने मला लाथ घातली, मग दुसरी. माझी कडी उखडली आणि माई त्याच्या अंगावर कोसळल्या. त्यांचे केस होरपळले होते.

माई वाचल्या. त्यांचा आवाज मात्र कायमचा गेला.

चित्रपट तुफान चालला. ती टकटक या वेळी कोणी पुसली नाही. तो प्रसंग आला की लोक खुर्च्यांवर बोटं आपटून दाद देतात, म्हणे. आता आणखी एक भाग निघतो आहे. काल मला नवी फळी जोडली. कडी तीच ठेवली, कारण ती खरी वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्याने शेवटी म्हणायचं असतं. मला नाही जपलंत तरी चालेल. पण दाराआडून कोणी दोनदा वाजवलं, तर बसल्या जागी वाहवा करू नका. आधी उठा आणि दार उघडा.