टाकीत राहिलेला नट

मी मोटारसायकलची टाकी बोलतेय. तोंडाला कुलपाचं झाकण आहे, त्यामुळे जे काय बोलायचं ते पोटातून. पोट सुटलंय, पोचे पडलेत, वयाप्रमाणे आतून गंजही धरलाय. आवाज घोगरा आला तर सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघाले तेव्हा लालचुटुक होते. दुकानात एक जोडपं आलं. नवरा कापडाच्या मिलमध्ये मागावर कामाला. बायकोनं मला टिचकी मारली आणि म्हणाली, "हीच घेऊ." तेव्हापासून मी त्यांच्या घरची.

माझा पेट्रोलचा काटा मात्र थापाड्या. अर्ध्यावर बसला की बसलाच. तशी गाडीवाल्यांना त्याची फिकीर नसते. गाडी हलवायची, आत डुबुक वाजलं की निघायचं. आमचे मालकही तेच करायचे. अलीकडे मात्र हलवायचे, कान लावायचे, पुन्हा हलवायचे, आणि कपाळाला आठ्या. मी बापडी डुबुकडुबुक करून दमायचे. पोट भरलेलं असताना पंपावर नेणार, रिकामं असताना खुशाल लांब निघणार! मग भर रस्त्यात बाई मागून ढकलतायत.

शेवटी एका सुट्टीला ते पाना घेऊन बसले. "काटा मीच दुरुस्त करणार."

"अहो, मेकॅनिककडे द्या ना. तुम्ही मिक्सर उघडलात, त्याचे स्क्रू अजून फ्रीजवर पडलेत."

"ते जास्तीचे होते," मालक म्हणाले.

मला गाडीवरून उतरवलं, पेट्रोल काढून घेतलं. पोटातला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून काट्याला खबर देणारा, तो बाहेर काढला. त्याची दांडी गंजून अडकली होती. पॉलिश पेपरनं घासली, वरखाली केली, तसा काटा टुणकन हलला. हात चांगलाय हो त्यांचा, उगाच का नावं ठेवू?

मग माझा गंज. पोटात व्हिनेगर ओतलं, मूठभर नट टाकले, भोकं बंद केली आणि लागले मला घुसळायला. काय तो खडखडाट! शेजारच्या वहिनी खिडकीतून ओरडल्या, "भावजी, बास करा, पोर उठलं!" भावजी आपले समाधानानं घुसळतायत. बाई कानात बोटं घालून हसत होत्या.

सगळं ओतून मला धुतलं. एक नट कोपऱ्यात राहिला होता. मालकांनी मला उचलून हलवलं. खण्ण! पुन्हा हलवलं. खण्ण!

"झाली रिकामी," मालक म्हणाले. "एकही राहिला नाही."

बाईंचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी मला घेतलं आणि मालकांच्या कानाशी हलवलं. खण्ण! मालक माझ्याकडे नाही, बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कधीपासून?" बाईंनी समोर बसून, सावकाश विचारलं.

"मागांच्या आवाजात सगळ्यांचेच कान जातात गं थोडेफार. कुणाला बोलू नकोस, कामावरून काढतील."

"आणि मागून ट्रक आला तर?"

"आरशात बघतो की."

"सगळा वेळ?"

मालकांनी मला पुन्हा मांडीवर घेतलं. तार घालून तो नट काढला.

डॉक्टरकडे पुढच्या सुट्टीला जायचं ठरलं. त्या पुढच्या सुट्ट्या बऱ्याच होऊन गेल्या. मग बाईच रोज सकाळी मागं बसायला लागल्या. डावीकडून हॉर्न आला की डाव्या खांद्यावर थाप, उजवीकडून आला की उजव्या. मिलच्या दारात उतरून चालत घरी, संध्याकाळी पुन्हा चालत मिलवर. दारातले लोक म्हणतात, "काय राव, वहिनी एकटं सोडत नाहीत वाटतं!" मालक हसतात. काय म्हणाले ते त्यांना कळलेलं नसतं, हे फक्त बाईंना ठाऊक. आणि मला.

आज बाई तापानं फणफणल्यात. "आज गाडी नको," असं त्यांनी पांघरुणातून सांगितलं. आता पांघरुणातलं बोलणं मालकांना कुठून ऐकू जाणार? "पडून राहा," म्हणाले आणि निघाले.

आता आम्ही मोठ्या रस्त्याला लागलोय. मागची सीट रिकामी. काटा अगदी बरोबर दाखवतोय आणि मालक कौतुकानं त्याच्याकडेच बघतायत. मागं कुणीतरी कधीचं हॉर्नवर हात ठेवून बसलंय. मालकांचे खांदे जराही हलत नाहीत.

अहो मागचे, तुम्हालाच म्हणतेय. तो हॉर्न सोडा. ब्रेक दाबा.